माडीवरचे वृत्तपत्र

दिवाळी अंक हाती पडला की प्रथम कथा वाचणारे असतात, प्रथम राशिभविष्य उघडणारे असतात आणि प्रथम हास्यचित्रे पाहून घेणारे तर घरोघर असतात. मी प्रथम जाहिराती वाचतो. ही खोड मला मामांच्या घरी लागली. मामा तालुक्याच्या गावी एक साप्ताहिक चालवीत. अग्रलेख मामांचा आणि बाकीचे सगळे मामीचे. वर्गणीदारांचे पत्ते मामी लिही, खळ शिजवून वेष्टणे मामी चिकटवी, आणि आडत्याकडे जाहिरातीचे पैसे मागायला मामांना संकोच वाटे म्हणून तेथेही मामीच जाई. एका सुट्टीत मी मोठ्या ऐटीत मामांना विचारले, "चांगले पत्र कशावरून ओळखावे?" मामा उत्तराची जुळवाजुळव करीत होते तोच मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "छापखान्याचं बिल कोण भरतंय ते बघ, म्हणजे कळेल!"

पुढे मी नियतकालिकांवर बरेच लिहिले, पुष्कळांची परीक्षणे केली. परंतु याहून नेमकी कसोटी मला कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडली नाही. आज याच कसोटीवर एका दूरदेशीच्या संपादिकेचे काम तपासून पाहावे, असा विचार आहे. त्यांचे नाव क्लॉडिया जोन्स. १९५८ साली त्यांनी लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' नावाचे मासिक वृत्तपत्र काढले, आणि ते सुमारे सात वर्षे चालले.

जोन्सबाईंचे नाव आता इंग्लंडात अपरिचित राहिलेले नाही. २००८ साली तेथील टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. त्यांच्यावर ग्रंथ झाले. मारिका शेरवूड यांचा १९९९ सालचा आणि कॅरोल बॉइस डेव्हिस यांचा २००८ सालचा हे त्यांतले महत्त्वाचे. परंतु एखाद्या व्यक्तीची कीर्ती झाली की तिचे वाटे पडतात, तसे येथेही झाले आहे. राजकारणाच्या अभ्यासकांनी त्यांच्यातली क्रांतिकारक घेतली. उत्सवप्रिय लोकांनी 'कार्निव्हलची जननी' घेतली. या वाटणीत वृत्तपत्राची मालकीण कोणाच्याच वाट्याला आली नाही. माझे म्हणणे असे, की बाईंची सर्वांत मोठी निर्मिती ते वृत्तपत्रच होय. कार्निव्हल त्याच्याच पोटी जन्मला. त्यांच्या थोरवीप्रमाणे त्यांच्या चुकाही त्या पत्रातच नीट दिसतात.

प्रथम त्यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. जन्म १९१५ चा, त्रिनिदाद बेटावर पोर्ट ऑफ स्पेन येथे. आठ वर्षांची असताना, १९२४ साली, ही मुलगी बहिणींबरोबर न्यूयॉर्कला आली; आईबाप पोटासाठी तेथे आधीच गेले होते. आई कपड्यांच्या कारखान्यात यंत्रावर काम करी. मुलगी अजून शाळेत होती तोच आई गेली. पाठोपाठ हार्लेमच्या दमट घरात मुलीला क्षयाने गाठले. त्या दुखण्याने तिची फुप्फुसे आणि पुढे हृदय जन्माचे अधू केले. घरच्या दारिद्र्यातून आणि काळ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या न्यायातून ती १९३६ साली कम्युनिस्ट तरुणांच्या संघटनेत गेली, त्यांच्या पत्रात लिहू लागली आणि थोड्याच वर्षांत संपादक झाली. संपादनाचा हात असा वयाच्या पंचविशीच्या आत बसला.

अमेरिकन सरकारने त्यांना नागरिकत्व दिले नाही. शिक्षा मात्र दिली. कम्युनिस्टांवरील खटल्यात त्यांच्यावर जो आरोप ठेवला गेला, त्यात उघड कृती म्हणून दाखवली गेली ती महिला दिनानिमित्त १९५० साली लिहिलेल्या एका लेखाची! लेखकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार? एक वर्ष आणि एक दिवस अशी सजा झाली. ती त्यांनी १९५५ साली वेस्ट व्हर्जिनियातील ॲल्डरसनच्या स्त्रियांच्या तुरुंगात भोगली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना हद्दपार केले गेले. जन्मभूमी त्रिनिदाद, पण तेथील वसाहती सरकारला ही पाहुणी नको होती. त्या ब्रिटिश वसाहतीत जन्मलेल्या, म्हणून इंग्लंडला पाठवल्या गेल्या. चाळिशीच्या बाई, अंगात दुखणे, खिशात पैसा नाही आणि गावात ओळख नाही, अशा अवस्थेत त्या लंडनला उतरल्या.

लंडनला त्यांच्या आधीच एक मोठी वस्ती येऊन पोहोचली होती. १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज शेकडो वेस्ट इंडियन उतारूंना घेऊन टिलबरीच्या धक्क्याला लागले, आणि त्यानंतर जहाजांमागून जहाजे येत राहिली. ही माणसे बसगाड्या चालवीत, इस्पितळांत रुग्णांची सेवा करीत, रेल्वेत हमाली करीत. खोली भाड्याने मागायला जावे तर दारावर काळ्यांना मज्जाव करणारी पाटी. बँक कर्ज देईना, म्हणून जमेकाची मंडळी आपसात दर आठवड्याला ठरावीक रक्कम गोळा करून ती पाळीपाळीने एकेकाला देत. त्याला ते 'पार्डनर' म्हणत. आपल्याकडच्या गृहिणींना हे समजावून सांगायला नको. ही आपली भिशीच! या भिशीतून कित्येकांची लंडनमधली पहिली घरे उभी राहिली.

या माणसांना सगळे होते, म्हणजे कष्ट होते, थंडी होती, घरची आठवण होती. नव्हते ते स्वतःचे वृत्तपत्र. इंग्रजी पत्रांत त्यांच्याविषयी मजकूर येई तो त्यांना 'प्रश्न' समजून. घरमालकाचा प्रश्न, गुन्हेगारीचा प्रश्न, संख्येचा प्रश्न. ज्यांच्याविषयी बोलले जाते आणि ज्यांच्याशी कोणीच बोलत नाही, असा वाचकवर्ग हजारोंनी समोर उभा आहे, हे जोन्सबाईंच्या संपादकी नजरेने हेरले. व्यापाराच्या भाषेत याला बाजारपेठ ओळखणे म्हणतात. बाईंना हा शब्द आवडला नसता, पण त्यांनी केले ते हेच. मार्च १९५८ मध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' निघाले. कचेरी दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन रोडवर, २५० क्रमांकाच्या इमारतीत; खाली ग्रामोफोन रेकॉर्डचे दुकान आणि वर माडीवर वृत्तपत्र. खाली गाणी आणि वर अग्रलेख, अशी ही जागा होती. ऐन भरात पत्राच्या १५,००० प्रती खपत, असे सांगतात.

आता मामीची कसोटी. या पत्राचे बिल कोण भरी? कोणी धनिक पाठीशी नव्हता. ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे ते मुखपत्र नव्हते. त्या पक्षात बाईंना अमेरिकेतल्या पक्षातले मानाचे स्थान कधी मिळालेच नाही. खप, देणग्या, जलसे आणि जाहिराती यांवर गाडा चाले. जाहिराती कोणाच्या? प्रवासी कंपन्यांच्या, छोट्या दुकानदारांच्या, केशप्रसाधनाच्या. जागतिक साम्राज्यशाहीवर तडाखेबंद लेख आणि त्याच अंकात केस सुरेख कसे दिसतील याची ग्वाही! काही अभ्यासकांना यात विसंगती दिसते. मला तर येथे पत्राचा प्राण दिसतो. ज्या स्त्रीला गोऱ्या केशकर्तनालयात कोणी खुर्ची देत नाही, तिला आपले केस विंचरून देणारी जागा कोठे आहे हे कळणे, ही बातमीच होती.

याच ठिकाणी त्यांच्या लेखनाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांचा अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध लेख १९४९ सालचा. काळ्या स्त्रीच्या प्रश्नाकडे पुरोगाम्यांनी केलेले दुर्लक्ष हा त्याचा विषय. वर्णामुळे, वर्गामुळे आणि स्त्री म्हणून, अशा तिहेरी जोखडाखाली ही स्त्री वावरते, हा त्यातला विचार पुढच्या पिढ्यांनी उचलला, आणि अजून तो जुना झालेला नाही. पण लेख वाचताना दम लागतो. पक्षाच्या ठरावांची भाषा पानोपानी आडवी येते. वाक्य सुरू होते ते सभेच्या व्यासपीठावर आणि संपता संपत नाही. जेथे त्या घरात शिरतात तेथे मात्र लेख एकदम जिवंत होतो. गोऱ्या पुरोगामी कुटुंबांत काळी स्त्री मोलकरीण म्हणून राबते. मालकीणबाई समतेच्या सभेला जातात आणि घरी या बाईशी मालकिणीच्याच तोऱ्यात वागतात, हे त्यांनी आपल्याच गोटातल्या बायकांना सुनावले आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक वाचणाऱ्या आपल्या घरांतही भांडी घासायला कोणी येत असेल. तिची दिवाळीची सुट्टी कोणत्या दिवशी असते? जोन्सबाईंचा हा जुना लेख मला हा प्रश्न विचारतो, आणि मला त्याचे चटकन उत्तर देता येत नाही.

लंडनच्या पत्राने बाईंच्या लेखणीवर एक उपकार केला. महिन्याच्या महिन्याला, बसचे तिकीट फाडून थकून आलेल्या माणसासाठी अंक काढायचा म्हटले की ठरावाची भाषा चालत नाही. गॅझेटमध्ये बेटांवरच्या राजकारणाच्या बातम्या आल्या, आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यांच्या आल्या, कविता, कथा आणि नाट्यपरीक्षणे आली. लिहिणारेही वाचकांतूनच आले. डॉनल्ड हाइंड्स हे लंडनच्या बसवर कंडक्टर होते. या पत्रात लिहिता लिहिता ते लेखक झाले, आणि १९६६ साली त्यांनी या स्थलांतरितांच्या आयुष्यावर ग्रंथ लिहिला. वाचकाला लेखक करणे ही संपादकाची खरी कमाई. ती जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

पत्र निघून सहा महिने होत नाहीत तोच त्याची परीक्षा झाली. १९५८ च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्या काळ्या माणसांवर तुटून पडल्या, आणि दंगल सप्टेंबरात गेली. कु क्लक्स क्लॅनच्या नावाने गॅझेटला धमकीचे पत्र आले. अशा वेळी संपादक काय करतो? अग्रलेख लिहितो, सभा भरवतो, शिष्टमंडळ नेतो. जोन्सबाईंनी हे सगळे केले; पण त्याखेरीज त्यांनी एक गोष्ट केली जी दुसऱ्या कोणा संपादकाला सुचली नसती. त्यांनी कार्निव्हल भरवला!

कार्निव्हल म्हणजे त्रिनिदादचा सर्वांत मोठा सण. लेंटच्या उपवासांपूर्वी तेथे दोन दिवस रस्तोरस्ती सोंगे, नाच आणि कॅलिप्सोची गाणी चालतात. ३० जानेवारी १९५९ रोजी, लंडनच्या कडाक्याच्या थंडीत, सेंट पँक्रस टाउन हॉलच्या चार भिंतींच्या आत गॅझेटतर्फे हा सण साजरा झाला. दिग्दर्शन एड्रिक कॉनर यांचे. क्लिओ लेन गायल्या, 'माइटी टेरर' या नावाने गाजलेला कॅलिप्सो गायक गायला. बीबीसीने तो दूरचित्रवाणीवर दाखवला. दंगलीच्या जखमेवर नाचाचा उतारा हे काहींना थिल्लर वाटेल. पण त्या प्रसंगी काढलेल्या स्मरणिकेत एक छोटी सूचना होती. विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचा दंड भरण्यासाठी दिला जाईल, अशा आशयाची ती होती. काळ्या आणि गोऱ्याही! बाईंच्या साऱ्या लेखनातले कोणते वाक्य निवडशील, असे मला कोणी विचारले तर मी त्यांचा गाजलेला निबंध बाजूला ठेवून ही सूचना निवडीन. तिच्यात घोषणा नाही. कोणाचा दंड भरायचा एवढेच आहे. आणि तत्त्वज्ञान सगळे त्यातच आले आहे.

त्या कार्निव्हलात सौंदर्यस्पर्धाही होती, आणि तिच्यावर आज टीका होते. स्त्रीमुक्तीवर लिहिणाऱ्या बाईंनी मुलींना असे मिरवायला लावावे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. सौंदर्याची शर्यत ती शर्यतच. तिच्यात एक जिंकते आणि बाकीच्या घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहतात. परंतु त्या काळच्या इंग्लंडात काळ्या मुलीला सुंदर म्हणणारे एकही व्यासपीठ नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाईंनी ते उभारले. साधन सदोष होते आणि गरज खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कबूल कराव्या लागतात.

पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते की लंडनचा आजचा प्रचंड रस्त्यावरचा कार्निव्हल जोन्सबाईंनी सुरू केला. हे जसेच्या तसे खरे नाही. त्यांचे कार्निव्हल सभागृहांत, हिवाळ्यात होत. रस्त्यावरचा उत्सव नॉटिंग हिलमध्ये १९६६ साली सुरू झाला, त्यामागे रोन लॅसलेट या समाजसेविकेची खटपट होती, आणि तेव्हा जोन्सबाई हयात नव्हत्या. दोन्ही बायकांना आपापले श्रेय दिले तर कोणाचेच कमी होत नाही. जोन्सबाईंनी परक्या देशात 'हा सण आपला आहे, तो येथेही करता येतो' ही हिंमत दिली. महाराष्ट्राबाहेर, मग ते इंदूर असो की लंडन, ज्यांनी पहिला सार्वजनिक गणपती बसवला असेल त्यांना या हिंमतीची किंमत विचारावी.

माझ्या मते या पत्राचे सर्वांत मोठे कार्य त्याच्या नावातच आहे. 'वेस्ट इंडियन' असा माणूस बेटांवर फारसा नव्हता. तेथे होते ते जमेकन, त्रिनिदादी, बार्बेडियन, आणि एकमेकांविषयी त्यांचे मत आपल्याकडच्या शेजारी गावांसारखेच होते. १९५८ च्या जानेवारीत या बेटांचे राजकीय संघराज्य स्थापन झाले, त्याला गॅझेटने मनापासून पाठिंबा दिला. ते संघराज्य १९६२ साली मोडले. पण लंडनच्या माडीवरचे संघराज्य चालू राहिले, उलट वाढले. पत्राच्या नावात पुढे आशियाई आणि आफ्रिकी लोकही सामील झाले. याला आपल्याकडचा एक दुवाही आहे. पत्राच्या व्यवस्थेत बाईंच्या बरोबरीने राबणारे त्यांचे निकटचे सहकारी अभिमन्यू मनचंदा हे मूळचे भारतीय होते. १९६२ साली ब्रिटिश सरकारने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला, तेव्हा तो जमेकाच्या सुताराला लागू झाला तसाच भारतातून जाणाऱ्या कामगारालाही. पत्र त्या कायद्याशी झगडले ते दोघांच्याही वतीने.

आता उणी बाजू. पत्र वेळेवर निघत नसे, पैसा कधीच पुरत नसे, आणि सगळे बाईंच्या एकट्या जिवावर चालले होते. त्यांनी वाचक घडवले, लेखक घडवले, कार्यकर्ते घडवले. वारस मात्र घडवला नाही. उसनवारीवर आणि स्नेह्यांच्या मदतीवर पत्र ओढायचे, स्वतःचे औषधपाणी मागे टाकायचे आणि याला त्याग म्हणायचे, ही छोट्या पत्रांच्या संपादकांची जुनी सवय आहे. आपण तिचे कौतुक करतो. माझ्या मते ती चूक आहे. संपादकाची प्रकृती हेही पत्राचे भांडवल असते, आणि बाईंनी ते भराभर खर्चून टाकले. १९६४ साली त्या जपान आणि चीनला जाऊन आल्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या सुमारास लंडनमधील आपल्या घरी, एकट्या असताना, हृदयविकाराने त्या गेल्या. वय ४९. सारे शहर नाताळच्या तयारीत होते. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या डाव्या बाजूस त्यांना जागा मिळाली. पत्र आणखी काही महिने कसेबसे निघाले आणि १९६५ साली बंद पडले.

मग हा उद्योग फसला म्हणायचा काय? हिशेबनीस म्हणेल, फसला. मला तसे म्हणवत नाही. पण 'यशस्वी झाला' असे म्हणून टाळ्या घेण्याचीही इच्छा नाही. पत्र बंद पडणे हे नुकसानच असते. १९६५ नंतर ब्रिक्स्टनच्या त्या कंडक्टरांना, परिचारिकांना दर महिन्याला आपले असे काही वाचायला मिळेनासे झाले, हे कोणत्याही टपाल तिकिटाने भरून येत नाही. सात वर्षांत जे झाले ते मात्र परत गेले नाही. जी माणसे जहाजातून 'प्रश्न' म्हणून उतरली होती, ती एका पत्राचे वर्गणीदार झाली. आणि वर्गणीदार झालेला माणूस पुन्हा नुसता प्रश्न होत नाही. त्याला पत्ता असतो, नाव असते, आणि अंक उशिरा आला तर तक्रार करण्याचा हक्क असतो.

मामांचे साप्ताहिकही बंद पडले. शेवटच्या अंकात मामांनी वाचकांचा निरोप घेणारा सुंदर अग्रलेख लिहिला. त्यात जुळाऱ्यापासून टपालवाल्यापर्यंत सर्वांचे आभार होते. मामीचे नाव नव्हते. ते राहून गेले, एवढेच. मनात काही नव्हते. मामीने नेहमीप्रमाणे खळ शिजवली, वेष्टणे चिकटवली आणि उरलेल्या कोऱ्या वेष्टणांचा गठ्ठा फडताळात ठेवून दिला. पुढे कित्येक वर्षे त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर ती वाण्याची यादी लिहीत असे.

जोन्सबाईंचे नाव निदान त्यांच्या पत्रावर छापलेले आहे. या दिवाळीत अंक वाचून संपला की शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि मालक यांची नावे असतात, ती एकदा वाचावीत. आणि त्या नावांच्या घरी खळ कोण शिजवत असेल, याचा क्षणभर विचार करावा.